विज्ञानाच्या वहीची मागची पाने

नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता कोल्हारला प्रवरा नदी ओलांडतो. पूल, देवीचे देऊळ, आजूबाजूला ऊस आणि उसात ठिकठिकाणी विहिरी. काही महिन्यांपूर्वी या गावात एका शिक्षक-बैठकीनंतर चहा घेत बसलो होतो. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या एका मॅडमनी पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "सर, हिला काय शेरा देऊ ते सांगा."

वही विज्ञानाचीच होती. पुढून गुरुत्वाकर्षणाचा धडा, सुवाच्य आकृत्या, सोडवलेली गणिते. मागून उघडली की एक गोष्ट सुरू होत होती. गोष्टीतला मामा विहिरीतली मोटार दुरुस्त करायला खाली उतरतो. दिवसभर काम करतो, संध्याकाळी वर येतो. उतरला तेव्हा शेतात उसाची नुकती लागण झालेली असते. वर येतो तर ऊस तुटून गेलेला असतो. घरातले पाळण्यातले पोर चालायला लागलेले असते. त्याला मेलेला समजून घरच्यांनी वर्षश्राद्धाची तयारी चालवलेली असते. विहिरीत एक दिवस, वर एक वर्ष!

मॅडमनी मुलीला विचारले होते, "विज्ञानाच्या वहीत हे काय?" मुलीने खाली मान घालून उलट विचारले, "मॅडम, शास्त्रज्ञ असल्या गोष्टी लिहीत नाहीत का? बाई शास्त्रज्ञ?" मॅडमना उत्तर सुचले नाही. त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितले, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा घेतली. तीत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव कोणी ऐकलेले नव्हते, आणि ऐकलेले असणे शक्यही नव्हते, कारण असा लेखकच अस्तित्वात नव्हता. नावाची आद्याक्षरे उलटी वाचा : ज, वि, ना. जयंत विष्णु नारळीकर! त्या वेळी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्याबरोबर त्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ पासून जगभर चर्चेत होता. १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आतच, त्यांना पद्मभूषण मिळालेले होते. खऱ्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांच्या मनावर त्या नावाचे दडपण आले असते. हस्ताक्षरही ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून काढली.

ही कथा लिहायला वेळ कोठून मिळाला? त्याचेही उत्तर नारळीकरांनी सांगून ठेवले आहे. अहमदाबादला एका परिसंवादात एक भाषण फारच कंटाळवाणे चालले होते. समोर कागद होते, हातात लेखणी होती. ऐकतो आहोत असे दाखवत त्यांनी कथा लिहायला सुरुवात केली. वर्गात मागच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपेक्षा हे फारसे वेगळे नव्हते!

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. मग 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांतून कथा येत राहिल्या. १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला, त्यानंतर 'प्रेषित', 'वामन परत न आला' यांसारख्या कादंबऱ्या आल्या. इकडे संशोधनही चालूच होते. १९८८ मध्ये पुण्याला 'आयुका' ही संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक-संचालक. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

गुरूचाही आदर्श समोर होताच. फ्रेड हॉयल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ ची. आंतरतारकीय वायूचा एक ढग सूर्यमालेत शिरतो आणि तो ढग विचार करणारा निघतो, अशी ती कल्पना. त्याच वर्षी हॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ताऱ्यांच्या पोटात कार्बनपासून लोखंडापर्यंतची आणि त्यापुढचीही मूलद्रव्ये कशी घडतात, हे त्यात सांगितले होते. विचार करणारा ढग आणि लोखंड शिजवणारा तारा, दोन्ही एकाच डोक्यातून, एकाच वर्षी.

आता कोल्हारच्या विहिरीकडे वळू. ही गोष्ट एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाती पडली तर तो काय करील? "असे होत नाही" म्हणून वही मिटून ठेवील का? मला वाटते, तो पेन्सिल उचलील आणि विचारील, "किती?"

कारण मुलीची कल्पना चुकीच्या दिशेची नाही. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताप्रमाणे गुरुत्वाकर्षणाच्या जितके खोल जावे तितका काळ सावकाश चालतो. विहिरीच्या तळाशी ठेवलेले घड्याळ काठावरच्या घड्याळाच्या मागे पडते. विहिरीत उतरलेला मामा वरच्या माणसांपेक्षा खरोखरच कमी म्हातारा होतो! प्रश्न आहे तो किती कमी, एवढाच.

थोडे गणित करू. फरकाचे प्रमाण काढायला गुरुत्वत्वरण गुणिले खोली, भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, इतकेच करायचे आहे. विहीर वीस मीटर खोल धरू, म्हणजे जुन्या मापाने दहा-अकरा परस. गुरुत्वत्वरण ९.८, त्याला २० ने गुणले की १९६. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीस कोटी मीटर. त्याचा वर्ग म्हणजे ९ वर सोळा शून्ये. भागाकार फार लहान येतो. मामा वर्षभर तळाशी बसून राहिला तरी वरच्यांच्या मानाने त्याचा वाचलेला वेळ सेकंदाच्या सुमारे दीड कोटीव्या भागाइतका भरतो. साठ वर्षे बसला तरी डोळ्याची पापणी लवायला जो वेळ लागतो त्याच्या जवळपासही तो जात नाही.

इतका लहान फरक असला तरी तो नुसता कागदावरचा नाही. अमेरिकेत बोल्डर या गावी २०१० मध्ये दोन अतिसूक्ष्म घड्याळे एकमेकांपेक्षा फक्त ३३ सेंटिमीटर वरखाली ठेवली आणि फरक मोजला गेला. त्याच गावात २०२२ मध्ये ही मजल एका मिलिमीटरपर्यंत गेली. आपल्या खिशातला मोबाइल रस्ता दाखवतो तोही याच हिशेबावर. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्यांची घड्याळे दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरलेले ३८ मायक्रोसेकंद दुरुस्त केले नाहीत, तर प्रकाश तेवढ्या वेळात अकरा किलोमीटर जातो, हे लक्षात घ्या. दिवसाअखेर कोल्हारला निघालेला माणूस भलतीकडेच पोचायचा.

म्हणजे मुलीने पाहिले ते बरोबर, फक्त तिची विहीर पुरेशी खोल नाही. एका दिवसाचे एक वर्ष व्हायला काळ ३६५ पट सावकाश हवा. अशी विहीर विश्वात कोठे आहे?

कृष्णविवराच्या काठावर. एखादे वस्तुमान दाबून दाबून इतके लहान केले की त्यातून प्रकाशही सुटू शकत नाही, की त्याचे कृष्णविवर होते. सूर्यासाठी ही त्रिज्या तीन किलोमीटर येते. सबंध पृथ्वी दाबायची म्हटली तर बोराएवढी करावी लागेल. या काठाच्या बाहेर, न पडता, न फिरता एखादा माणूस दोराने लोंबकळत राहिला तर त्याचा काळ किती सावकाश चालेल, याचे सूत्र नववी-दहावीच्या मुलांनाही वापरता येते. कृष्णविवराची त्रिज्या भागिले केंद्रापासूनचे अंतर, हा अपूर्णांक १ मधून वजा करायचा आणि वर्गमूळ काढायचे. अंतर त्रिज्येच्या सव्वापटीहून थोडे जास्त, म्हणजे चार-तृतीयांश पट असेल तर भागाकार येतो तीन-चतुर्थांश, वजाबाकी एक-चतुर्थांश, वर्गमूळ अर्धा. त्याचा एक तास तो आपला दोन तास. हे उदाहरण फळ्यावर करून पाहा, तोंडी सुटते. अंतर १.०१ पट केले की गुणोत्तर सुमारे एक-दशांशावर येते.

आपल्याला हवा ३६५ वा भाग. ३६५ चा वर्ग १,३३,२२५. तेव्हा काठापासूनचे अंतर त्रिज्येच्या साधारण एक लाख तेहतीस हजाराव्या भागाएवढे हवे. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवरासाठी ते सव्वादोन सेंटिमीटर होते. तिथे मामाचा अंगठासुद्धा नीट मावणार नाही. म्हणून मोठे कृष्णविवर घेऊ. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी सुमारे चाळीस लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे एक आहे. त्याची त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. तिथे मामाने काठापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर थांबायचे. जागा ऐसपैस झाली!

पण आता दोराचा प्रश्न येतो. त्या जागी लोंबकळत राहायचे तर मामाचे वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सुमारे चौदा कोटी पट भरते. पन्नास किलोचा मामा सत्तर लाख टनांचा होतो. असा दोर नाही, आणि आपल्याला माहीत असलेल्या कोणत्याच पदार्थाचा होऊ शकत नाही. इथे गोष्ट लिहिणाऱ्याला ठरवावे लागते. तो म्हणू शकतो, "माझ्या गोष्टीत असा दोर आहे." ही एक थाप त्याला माफ. त्यानंतर मात्र त्याने बाकीचे सगळे नियम पाळायचे.

वैज्ञानिकाची कल्पनाकथा आणि नुसती अद्भुत गोष्ट यांतला फरक मला इथे दिसतो. अद्भुत गोष्टीत काहीही, कधीही होऊ शकते. राक्षसाचा जीव पोपटात असतो आणि का असतो ते कोणी विचारायचे नसते. वैज्ञानिकाच्या कथेत एक दार उघडे ठेवलेले असते. त्या दारातून आत गेले की आतल्या खोल्यांना भिंती असतात. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत हे चांगले दिसते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पुस्तकात तिचे इंग्रजी रूप घेतले गेले, त्यामुळे अनेक शिक्षकांना ती माहीत असेल. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. कथेत ती गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते. बदल एवढाच, बोटभर. मग मराठे जिंकतात, आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहास कसा घडला असता हे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत प्रत्यक्ष पाहतात. तुमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना ही गोष्ट जरूर वाचायला द्या. विज्ञानाचा तास आणि इतिहासाचा तास एकमेकांना खेटून असतात ते फक्त वेळापत्रकात, असे आपण समजतो.

एक कबुली द्यायला हवी. वाङ्मय म्हणून नारळीकरांच्या सगळ्या कथा सारख्या उतरलेल्या नाहीत. काही ठिकाणी पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी एकमेकांना शिकवतात. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे साधन म्हणून त्यांनी कथेकडे पाहिले, त्याची ही किंमत असावी. आपण शिक्षक असल्यामुळे आपल्याला ते खटकत नाही, उलट सोयीचे वाटते! पण मुलांना खटकते, आणि ती बरोबर असतात.

ज्याला हा उद्योग नव्या काळाचा वाटतो त्याच्यासाठी योहान केप्लर. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणारा तोच. विद्यार्थी असताना, १५९३ च्या सुमारास, त्याने एक प्रश्न घेतला होता : चंद्रावर उभे राहिलेल्या माणसाला आकाश कसे दिसेल? हा विचार सरळ मांडला तर पृथ्वी फिरते हे मान्य करावे लागत होते, आणि ते मान्य करणे तेव्हा सोपे नव्हते. म्हणून पुढे त्याने त्याचे एक स्वप्न केले. आइसलंडमधला एक मुलगा, वनौषधी विकणारी त्याची आई, तिला वश असलेला एक पिशाच्चासारखा जीव. ग्रहणाच्या वेळी पृथ्वीच्या सावलीतून हे जीव माणसाला चंद्रावर नेतात. वाटेत हवा विरळ आणि थंड, म्हणून नाकाशी ओले स्पंज धरायचे. चंद्रावर दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा, आणि आकाशात एका जागी टांगलेली, जागा न सोडता स्वतःभोवती फिरणारी आपली पृथ्वी.

'सोम्नियम' नावाची ही गोष्ट केप्लरच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये छापली गेली. तिला त्याने स्वतः २२३ टिपा जोडल्या होत्या. टिपा गोष्टीपेक्षा लांब आहेत! प्रत्येक ठिकाणी हे मी का लिहिले, याचा हिशेब काय, ते सांगितले आहे. 'किती?' हा प्रश्न त्याला गोष्टीतही सोडवत नव्हता. पण या गोष्टीची त्याला वेगळीच किंमत मोजावी लागली. तिची हस्तलिखित प्रत आधीच लोकांच्या हाती गेली होती. १६१५ मध्ये केप्लरच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला. म्हातारी वर्षाहून अधिक काळ कैदेत होती. केप्लरने स्वतः खटला लढवला आणि १६२१ मध्ये ती सुटली. पुढल्याच वर्षी वारली. गोष्टीतल्या आईवरून लोकांनी खऱ्या आईबद्दल तर्क केला, असे केप्लरला वाटत राहिले. कल्पना आणि दावा यांतला फरक समाजाला कळला नाही की काय होते, याचे हे उदाहरण आहे.

हाच फरक आपल्याकडे उलट्या बाजूनेही पुसला जातो. भागवत पुराणात ककुद्मी राजाची गोष्ट आहे. तो मुलगी रेवती हिला घेऊन वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणे चाललेले असते, ते संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. कोल्हारच्या मुलीची विहीर याच घराण्यातली. गोष्ट म्हणून ती सुंदरच आहे. पण वर्गात कोणी तरी हमखास म्हणतो, "म्हणजे आपल्या लोकांना सापेक्षता आधीच माहीत होती." इथे आपण थांबवले पाहिजे. गोष्टीत काळ किती सावकाश, कशामुळे, ब्रह्मलोक अर्ध्या अंतरावर असता तर किती, यांपैकी काहीच विचारता येत नाही. ज्यातून नवे उत्तर काढता येत नाही ती कल्पना आहे, सिद्धांत नव्हे. तिला कल्पना म्हणण्यात तिचा अपमानही नाही.

नारळीकर याबाबत फार स्वच्छ होते. कथांत त्यांनी वाटेल ते घडवले, पण कोणी खऱ्या जगाबद्दल दावा केला की ते पुरावा मागत. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका जमवल्या, त्यांतल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के. नाणे उडवले असते तर ५० च्या आसपास आले असते. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याने यक्षांच्या कथा लिहिल्या, त्यानेच ही चाचणी घेतली, यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला आपण थाप कोठे मारतो ते पक्के ठाऊक असते, त्याला दुसऱ्याची थापही लवकर ओळखता येते.

आता मुलीचा दुसरा प्रश्न. बाई शास्त्रज्ञ लिहितात का?

लिहितात. दिल्लीत वाढलेल्या वंदना सिंग यांनी कणभौतिकीत पीएच.डी. केली आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या विद्यापीठात त्या भौतिकशास्त्र शिकवत आल्या आहेत. त्यांच्या इंग्रजी कथांचा संग्रह २००८ मध्ये दिल्लीत निघाला. आपण एक ग्रह आहोत असे वाटू लागलेली गृहिणी त्यातल्या शीर्षककथेत भेटते. अमेरिकेतल्या अ‍ॅलिस शेल्डन यांनी १९६७ मध्ये मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली आणि त्याच सुमारास 'जेम्स टिपट्री' या पुरुषी नावाने कथा पाठवायला सुरुवात केली. 'टिपट्री' हे नाव त्यांना मुरंब्याच्या बाटलीवर सापडले होते! जवळजवळ दहा वर्षे वाचकांना लेखक पुरुषच वाटला. नारळीकरांनी नाव बदलले ते मोठ्या नावाचा फायदा मिळू नये म्हणून. शेल्डनबाईंनी बदलले ते बाईच्या नावाचा तोटा होऊ नये म्हणून. दोन टोपणनावे, दोन अगदी वेगळ्या अडचणी.

आणि 'कृष्णविवर' ज्यांच्या हस्ताक्षरात स्पर्धेला गेली त्या मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ होत्या. तीन मुली आणि घर सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये अंकशास्त्रातल्या विषयावर पीएच.डी. पूर्ण केली आणि मुलांसाठी गणितावर पुस्तके लिहिली. २०१९ मध्ये 'पंचवीस' ऐवजी 'वीस पाच' असेही वाचावे, या दुसरीच्या पुस्तकातल्या सूचनेवरून जो गदारोळ झाला तो शिक्षकांना आठवत असेल. त्या समितीच्या प्रमुख मंगलाताईच होत्या. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. मला नेहमी वाटते, परीक्षकांनी जी कथा वाचली ती एका गणितज्ञ बाईच्या अक्षरातली होती, हे कोठे तरी ठळकपणे लिहून ठेवायला हवे. त्यांनी स्वतः फावल्या वेळात कथा लिहायची म्हटली असती तर तो वेळ त्यांना कोणत्या परिसंवादात मिळाला असता, हाही एक प्रश्नच आहे.

तर शेरा काय द्यायचा? मी मॅडमना म्हटले, शेरा देऊ नका, समासात प्रश्न लिहा. विहीर किती खोल? वरच्या लोकांनी खाली वाकून पाहिले तर मामा कसा दिसला? मामाने वर पाहिले तेव्हा त्याला काय दिसले?

नारळीकरांची एक सवय आठवली. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, मी सहीसकट उत्तर पाठवीन. तसे मीही मॅडमना म्हटले, मुलीला काही अडले तर मला कळवा.

पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. मुलीने आकडेमोड केली होती. वर एक वर्ष जाते तेव्हा मामाचा एक दिवस. म्हणजे वरचा एक दिवस मामाला चार मिनिटांत संपलेला दिसायला हवा. दर चार मिनिटांनी सूर्य उगवतो! इथपर्यंत तिने एकटीने आणले होते. अडले होते ते पुढे : "वरून बॅटरीचा उजेड खाली सोडला तर मामाला तो कोणत्या रंगाचा दिसेल?"

प्रश्न फार नेमका होता. काळ ३६५ पट सावकाश, म्हणजे वरून येणाऱ्या प्रकाशाची कंपने मामाला ३६५ पट भराभर येताना दिसणार. तरंगलांबी तितकीच आखूड होणार. हिरव्या उजेडाची तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर असते. ३६५ ने भागली की दीड नॅनोमीटरच्याही खाली येते. तो उजेड राहिलाच नाही, ते क्ष-किरण झाले. आणि मामाच्या हातातल्या बॅटरीचा उजेड वर येईपर्यंत उलट ताणला जाऊन डोळ्यांना दिसेनासा होईल. वाकून पाहणाऱ्यांना विहीर काळीच दिसणार.

मी हे मॅडमना सांगितले, त्यांनी मुलीला. आता गोष्टीतला मामा दवाखान्यातून आणलेला शिशाचा अ‍ॅप्रन घालून मोटार दुरुस्त करायला उतरतो, असे कळते.